घरचा वाढपी

माणसाने नोकरीतून केव्हा निवृत्त व्हावे याचे सरकारी नियम आहेत. बैलाने औतातून केव्हा सुटावे हे त्याचा धनी ठरवतो, आणि धनी भला असेल तर पोळ्याच्या दिवशी त्या म्हाताऱ्या बैलालाही पुरणपोळीचा घास मिळतो. यंत्रांच्या बाबतीत मात्र मोठी विलक्षण रीत पडली आहे. यंत्र विकत घेतो आपण, त्याचे वीजबिल भरतो आपण, आणि ते म्हातारे झाल्याची दवंडी पिटतो दुसराच कोणी! आमच्या घरच्या संगणकाचे नेमके असेच झाले. २०११ साली आम्ही तो हप्त्याहप्त्यांनी घेतला. त्यावर चालणाऱ्या प्रणालीच्या दुरुस्त्या २०२० च्या जानेवारीत बंद झाल्या. संगणकाचा एक खिळाही तोपर्यंत सैल झालेला नव्हता. पण नवी कामे त्याला झेपेनात, जुनी कामे त्याच्याकडे कोणी नेईना, आणि तो बिचारा जिन्याखाली कापडाने झाकून बसला.

मी शाळेत मुलांना चित्रकला शिकवते आणि घरी कादंबऱ्या लिहिते. शिक्षण म्हणाल तर शालान्त परीक्षेपर्यंत, आणि पुढे चित्रकला शिक्षकाची पदविका. संगणकाच्या पोटात काय चालते हे मला ठाऊक असण्याचे काहीच कारण नव्हते. माझ्या दोन कादंबऱ्यांची मुद्रणप्रत त्याच्या कळफलकावर तयार झाली, एवढाच आमचा ऋणानुबंध. पण गेल्या वर्षी दसऱ्याच्या साफसफाईत भंगारवाला दाराशी आला आणि संगणकाकडे न बघता त्याने हातातल्या ताणकाट्याकडे पाहिले, तेव्हा माझ्या मनात कसेसेच झाले. दोन कादंबऱ्यांचे वजन किलोने व्हावे हे काही मला रुचेना. मी म्हटले, "राहू द्या हो. पत्रा तेवढा न्या."

राहू दिला खरा. पण घरात राहायचे तर काम हवे. ते काम त्याला मिळाले गाण्यामुळे.

आमच्या घरात गाणे दोन ठिकाणी राहत होते. एक तरुणांच्या खिशात, म्हणजे मोबाइलमध्ये. आणि दुसरे आईंच्या पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत. आई म्हणजे माझ्या सासूबाई. खिशातल्या गाण्याची निंदा मी करणार नाही. महिन्याकाठी ठरावीक पैसे भरले की जगातले बहुतेक संगीत हाताशी येते, ही सुबत्ता आमच्या आधीच्या कोणत्याही पिढीने पाहिली नव्हती. पण हे गाणे बिऱ्हाडकरू आहे. गाण्याचे हक्कदार आणि ते पुरवणारी कंपनी यांच्यातला करार संपला की ते रातोरात बिऱ्हाड हलवते. एका श्रावणात आईंच्या आवडीचे भजन असेच नाहीसे झाले. नाव तेवढे दिसत होते, तेही करड्या अक्षरांत. बोट ठेवले तरी वाजेना.

"पैसे भरायचे राहिले का गं?" आईंनी विचारले.

"नाही आई, भरलेत की."

"मग?"

त्या 'मग'ला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

पेटीतले गाणे मात्र हललेले नव्हते. तिथे त्रेचाळीस कॅसेटी होत्या, बहुतेक साठ मिनिटांच्या. माझे सासरे, अण्णा, २००९ साली गेले. हयातभर त्यांनी कारकुनी केली आणि संध्याकाळी रेडिओ ऐकला. १९६३ साली फिलिप्सने युरोपात ही छोटी कॅसेट प्रथम आणली. आपल्याकडे तिचा सुकाळ झाला तो त्यानंतर वीसेक वर्षांनी. तेव्हा अण्णांनी एक 'टू-इन-वन' घेतला. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकाच पेटीत, म्हणजे सांगली आकाशवाणीवर काही आवडीचे लागले की कळ दाबायची, की गाणे फितीवर! आमच्या कऱ्हाडात सांगली केंद्र चांगले ऐकू येते. पावसाळी हवेत मधूनच पुणेही डोकावते. अण्णांच्या त्रेचाळीस कॅसेटी म्हणजे सुमारे वीस वर्षांच्या संध्याकाळी होत्या. त्या वाजवायला घरात आता धड यंत्र नव्हते.

माझा मुलगा अकरावीत आहे. तो म्हणाला, "आई, जुन्या पीसीचा सर्व्हर करू या."

सर्व्हर या शब्दाची मला उगीचच भीती वाटे. बँकेत गेले की काउंटरवरचा मुलगा "सर्व्हर डाउन आहे" म्हणून सांगतो, तेवढीच माझी त्याच्याशी ओळख. पण इंग्रजी शब्दाचा अर्थ पाहिला तर तो अगदी घरगुती निघाला. सर्व्हर म्हणजे वाढणारा, आपल्या पंगतीतला वाढपी. वाढपी स्वतः पानावर बसत नाही. पदार्थांची भांडी त्याच्या ताब्यात असतात, आणि ज्याने जे मागितले ते तो त्याच्या पानात नेऊन वाढतो. आमचा संगणकही तेच करणार होता. गाणी, फोटो, चित्रपट त्याच्यापाशी; मोबाइल, टीव्ही आणि स्पीकर ही पाने. माजघरात अभंग, माडीवर मुलाचा तो ठणठणाट आणि ओटीवर आमच्या ह्यांची नाट्यगीते, अशी तीन पाने एकदम मांडली तरी वाढपी एकच.

आणि वाढायला काही पैलवान लागत नाही. कॉम्पॅक्ट डिस्कच्या गाण्यात प्रत्येक सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेतलेले असतात, आणि तेही दोन बाजूंचे वेगवेगळे. आकडा ऐकून छाती दडपते, पण तासाभराच्या अशा संगीताचा ऐवज होतो साधारण ६३५ मेगाबाइट. एवढे तासाभरात पुरवणे हे पंधरा वर्षांच्या संगणकालाही डाव्या हातचे काम आहे. चित्रपटाच्या बाबतीत मात्र एक पथ्य पाळावे लागते. टीव्हीला जे रूप समजते त्याच रूपात चित्रपट ठेवावा. नाही तर वाढपी वाढता वाढता पदार्थ पुन्हा शिजवू लागतो, म्हणजे एका रूपातून दुसऱ्या रूपात उतरवू लागतो, आणि मग म्हातारा घामाघूम होतो.

आम्ही मायलेकांनी संगणक उघडला. आत धुळीची गोधडी होती. रंगकामातला माझा मऊ, रुंद कुंचला त्या कामी आला. पंखा साफ केला. प्रोसेसरवरचा लेप वाळून खडूसारखा झाला होता, तो पुसून नवा लावला. मुख्य पट्टीवर रुपयाएवढा एक चपटा सेल असतो, तीन व्होल्टचा. वीज नसतानाही संगणकाला वेळ सांगत राहणे हे त्याचे काम. तो सेल संपलेला होता. त्यामुळे संगणक सुरू केला तेव्हा त्याच्या मते १ जानेवारी २०१० उजाडला होता! अण्णांना जाऊन तेव्हा एक वर्षही झालेले नव्हते. मी काही क्षण त्या तारखेकडे बघत राहिले. मग मुलाने नवा सेल बसवला आणि आम्ही एकदम आजच्या दिवसात आलो.

चालणारी जुनी तबकडी काढून तिच्या जागी २४० गिगाबाइटची नवी, न फिरणारी एसएसडी बसवली. तेवढ्यानेच त्याला जणू नवे गुडघे बसवल्यासारखे झाले. गाण्यांसाठी दोन टेराबाइटची वेगळी डिस्क घेतली. प्रणाली घातली ती डेबियन नावाची. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्‌स नावाच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून तो सर्वांसाठी खुला केला. त्यावर १९९३ साली इयान मर्डॉकने डेबियनची उभारणी सुरू केली. डेब्रा हे त्याच्या प्रेयसीचे नाव आणि इयान हे स्वतःचे, दोन्ही जोडून डेबियन! कादंबरीकाराला ही हकीकत आवडणारच. ही प्रणाली फुकट मिळते आणि जगभरातले स्वयंसेवक ती सांभाळतात. एखाद्या क्षेत्रातल्या अन्नछत्राप्रमाणे. वाढण्याचे काम करणारी आज्ञावली घेतली ती जेलिफिन. ती २०१८ साली निघाली, आणि तीही अन्नछत्रातलीच.

आता वाढप्याला पत्ता हवा. घरातल्या यंत्रांना जे पत्ते मिळतात त्यांतले पुष्कळसे १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतात. हे आकडे जगभर खाजगी वापरासाठी राखून ठेवले आहेत. म्हणजे आमच्या संगणकाचा जो पत्ता, तोच लाखो घरांतल्या कुठल्या ना कुठल्या यंत्राचा. तरी घोटाळा होत नाही. गावोगाव मारुतीचे देऊळ असते, पण "मारुतीपाशी भेटू" म्हटले की आपण आपल्याच गावच्या मारुतीपाशी जातो, तसेच हे. बाहेरच्या जगाला आम्ही दार उघडले नाही. घरच्या पंगतीला घरचीच माणसे.

विजेचा हिशेब मी स्वतः केला. आमचा संगणक नुसता बसून असला तरी सुमारे ५० वॅट खातो. दिवसरात्र चालू ठेवला तर रोजचे १.२ युनिट, महिन्याचे ३६. एवढा खुराक निवृत्ताला परवडणारा नाही. म्हणून त्याला वेळापत्रक लावून दिले: पहाटे साडेपाच ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते दहा. तेवढ्याच वेळात चालला तर महिन्याला तेरा युनिटांच्या आत भागते. रात्री दहाला तो आपला आपण झोपतो आणि पहाटे कोणी हाक न मारता उठतो. घरातल्या कोणत्याही तरुण माणसाबद्दल मला असे म्हणता येणार नाही.

इथपर्यंतचे काम म्हणजे दोन रविवारांचे काम. घरातल्या विकत घेतलेल्या सीडी दहा-दहा मिनिटांत आत गेल्या. खरे काम पुढे होते, पेटीतले.

कॅसेट घाई ओळखत नाही. एका तासाची कॅसेट उतरवायची तर एक तास बसावेच लागते. ह्यांच्या एका मित्राकडून जुना डेक आणला. कापसाच्या बोळ्याने, स्पिरिटने त्याचे हेड पुसले. काडी तपकिरी होऊन निघाली. फितीवरचे लोहाचे कण असेच झडत असतात. डेकची वायर संगणकाच्या मागच्या निळ्या भोकात घातली. प्रत्येक कॅसेट आधी एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण फिरवून घ्यायची, म्हणजे वर्षानुवर्षे एकमेकींना चिकटलेले वेढे सुटे होतात. काहींच्या आतली लोकराची बारीक गादी गळून पडली होती; त्यांची फीत काढून दुसऱ्या कॅसेटीच्या कवचात घातली. चार मिलिमीटरांहूनही अरुंद ती फीत, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर चालणार! त्या चालीवर अण्णांच्या संध्याकाळी एकेक करून संगणकात येऊ लागल्या.

फितीचा एक गुण मला तेव्हा समजला. गुंडाळलेली फीत फार काळ पडून राहिली की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर अंधूक उमटतो. त्यामुळे काही गाण्यांच्या आधीच्या शांततेत तेच गाणे क्षणभर दुरून ऐकू येते आणि मग ते सुरू होते. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने हा दोष आहे. आई म्हणाल्या, "खोलीत शिरायच्या आधी जिन्यावर पावलं वाजावीत, तसं वाटतंय."

या साऱ्या कॅसेटींचा ऐवज मोजला तर अवघे २७ गिगाबाइट भरतो, आणि आवाजाचा कणही न गमावता दाबून ठेवण्याची फ्लॅक नावाची जी रीत आहे, तिने तर त्याच्या जवळपास निम्मा. वीस वर्षांच्या संध्याकाळी करंगळीच्या पेराएवढ्या कार्डात मावतील! मला ते वाचून आनंद व्हावा की वाईट वाटावे, हे ठरेना.

पण आत आलेल्या गाण्याला नाव लागते. त्याशिवाय वाढपी वाढणार काय? संगणक प्रत्येक गाण्यापुढे रिकामे रकाने मांडतो: शीर्षक, कलावंत, अल्बम, वर्ष, प्रकार. हे रकाने पाश्चात्त्य तबकड्यांच्या मापाने शिवलेले आहेत. आपल्या ख्यालाला हवा राग, ताल, बंदिश, तबल्याची साथ, भावगीताला कवी निराळा, चाल देणारा निराळा, गाणारा निराळा, नाट्यगीताला नाटक. तेही जमवता येते, कारण रकाने वाढवता येतात. अडचण होती ती वेगळीच. अण्णांना फितीची मोठी काटकसर. निवेदिकेचे बोलणे फितीवर घेणे म्हणजे फीत वाया घालवणे असे त्यांचे मत, म्हणून ते तिचे बोलणे संपल्यावर कळ दाबत. त्रेचाळीस कॅसेटींत संगीत उदंड, आणि नावे जवळजवळ नाहीतच! बाहेरच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने फक्त 'मारवा, पावसात' किंवा 'बुधवार, उत्तम'. गाण्याचा थोडासा अंश ऐकून त्याचे नाव सांगणाऱ्या आज्ञावल्या आहेत, पण त्या ओळखतात छापून बाजारात आलेल्या ध्वनिमुद्रिका. आकाशवाणीवर एका बुधवारी झालेली मैफल त्यांच्या वहीत कुठून असणार?

मला राहून राहून गौहर जानची आठवण होई. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला, आणि हिंदुस्थानी संगीताच्या पहिल्या तबकड्यांपैकी काही गौहर जानच्या आवाजात निघाल्या. तीनेक मिनिटांत गाणे आटोपून शेवटी ती ठसक्यात, इंग्रजीत, स्वतःचे नाव सांगे. तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना कोणाचे गाणे ते कळावे म्हणून ही सोय. पुढे सोय गेली, नाव मात्र राहिले. सव्वाशे वर्षे होत आली, आणि त्या खरखरीतून अजून ते स्पष्ट ऐकू येते.

आमच्याकडे नावे सांगणारे एकच माणूस उरले होते, आणि त्या माणसाला ऐकू येणे कमी होत चालले होते. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. म्हातारपणी कान जातो तो वरच्या पट्टीपासून. स, श, फ, त ही व्यंजने आधी हरवतात. स्वर बराच काळ टिकून असतात. म्हणून वृद्ध माणसाला आपण बोलतो ते ऐकू येते, पण समजत नाही. आपण मात्र उगाच ओरडतो. गाण्याचे तसे नाही. शब्द निसटले तरी स्वर हाती लागतात. मुलाने हेडफोनच्या आवाजात वरच्या पट्ट्या थोड्या चढवून दिल्या, आणि दर रविवारी दुपारी आई पलंगावर, मी वही घेऊन खाली, असा आमचा दरबार भरू लागला.

आई कलावंताचे नाव क्वचितच सांगत. त्या म्हणत, "हा मारवा. हा लागला की मला रडू यायचं, म्हणून मी ह्यांच्यावर चिडायचे." किंवा, "हे चालू असताना दूध उतू गेलं होतं. त्या दिवशी पाव्हणे यायचे होते." रकान्यांच्या तळाशी टिपणासाठी एक मोकळी जागा असते. तिथे मी आईंचे बोलणे जसेच्या तसे लिहीत गेले. नामवंत गवय्यांपैकी पाच-सहा ह्यांनी आवाजावरून ओळखले. बाकीचे अजून 'अनोळखी' या नावाखाली एकत्र नांदत आहेत.

भाद्रपदातल्या एका रविवारी एक कोरी कॅसेट निघाली. चिठ्ठी नाही, पेन्सिल नाही. लावली तर रेडिओ नव्हता. घरातच, टू-इन-वनच्या अंगच्या मायक्रोफोनने घेतलेले काहीतरी होते. बायकांची गजबज, भांड्यांचा आवाज, लहान मूल रडते आहे, आणि मग एक वृद्ध बाई पाळणा म्हणते आहे. फितीची खरखर फार होती. मुलाने ऑडॅसिटी नावाच्या आज्ञावलीत ती उतरवली. तिथे नुसत्या खरखरीचा नमुना दाखवला की तेवढी खरखर सगळीकडून वजा करता येते. आवाज स्वच्छ झाला. आईंनी लक्ष देऊन ऐकले.

"चांगलं म्हणतेय. पण कोण, ते नाही गं लक्षात येत."

न पुसलेली मूळ प्रत आम्ही नेहमीच जपून ठेवतो. मुलगा म्हणाला, "आजी, आता ही ऐक, खरखरवाली." ती लावली. दुसऱ्याच ओळीला आईंनी हात वर केला.

"थांब. मागे घे."

त्याने मागे घेतली. आईंनी डोळे मिटले होते.

"हा श्वास ऐक. शब्द मधेच तोडून घेते. दमा होता तिला." आणि थोड्या वेळाने, "ही माझी आई."

ते १९८४ साल होते. माझ्या नणंदेचे बारसे. माणदेशातून एस.टी.चा प्रवास करून, धापा टाकत आईंची आई नातीच्या बारशाला आली होती, आणि अण्णांनी कोणाला न सांगता कोनाड्यातल्या टू-इन-वनची कळ दाबली होती. १९९१ साली ती वारली. तेव्हापासून आईंनी तो आवाज ऐकलेला नव्हता. तो आवाज आपल्याच पलंगाखाली आहे हेही त्यांना ठाऊक नव्हते.

मुलगा ओशाळला. वास्तविक त्याचा काही दोष नव्हता. श्वास म्हणजे तरी काय? बारीक, सर्व पट्ट्यांत पसरलेली खसखस. यंत्राच्या लेखी फितीची खरखर आणि म्हातारीची धाप यांत भेद नव्हता; त्याने दोन्ही सारख्याच निष्ठेने पुसल्या होत्या. आईंना आवाज ओळखू आला नाही, धाप ओळखू आली.

फीत पुढे चालू होती. पाळणा संपला. कोणीतरी कानात नाव सांगितले, पाठोपाठ 'कुर्र', पाठीवर थापट्यांचा गलका आणि हसणे. मग कळ बंद झाल्याचा खटका.

मी वही पुढे ओढली. "आई, कलावंत म्हणून काय लिहू?"

"जळ्ळं मेलं कलावंत! पाळणा म्हणणारीला कुणी कलावंत म्हणतं का?"

मी त्यांना हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्याबद्दल सांगितले. या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून खेडोपाडी जाऊन जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव टिपून ठेवले. आई ऐकत राहिल्या.

"आम्ही सगळी तिला आक्का म्हणायचो," त्या म्हणाल्या.

"आक्का लिहू?"

"आक्का गावात दहा असतील."

मग त्यांनी एक नाव सांगितले. ते लग्नात ठेवलेले, सासरचे नाव. मी लिहिले. थोडा वेळ गेला. "आणिक एक आहे. माहेरचं. त्या नावानं तिला हाक मारलेली मी एकदाच ऐकली, तिच्या थोरल्या भावानं. म्हातारपणी दोघं भेटली तेव्हा." त्या नावाचा उच्चार आईंनी दोनदा केला, जणू जिभेवर ते नीट बसते की नाही ते पाहत होत्या. "एकच लिहायला जागा आहे का तुमच्या यंत्रात?"

मुलाने पाहिले. फ्लॅकमध्ये एकच रकाना दोनदा भरता येतो.

"दोन्ही लिही," आई म्हणाल्या.

ती दोन नावे मी इथे देत नाही. ती आमच्या घरची आहेत. पण संगणक कलावंतांची यादी अकारविल्हे लावतो, आणि त्यामुळे माणदेशातली ती दमेकरी बाई सध्या दोन ख्यातकीर्त गवय्यांच्या मधोमध बसली आहे. वाढप्याला पंक्तिप्रपंच ठाऊक नाही, हे त्याचे मला फार आवडते.

जे बाजारात सर्वत्र मिळते त्याच्यासाठी घरी भांडार उघडण्याची तशी गरज नाही. ते आज इथून गेले तर उद्या तिथे मिळेल. पण बारशाची ती फीत जगातल्या कोणत्याही दुकानात नाही, आणि कितीही पैसे भरले तरी येणार नाही. जुना संगणक सांभाळला तो गाण्याच्या प्रेमाने, असे मी लोकांना सांगते. मनातून मला वाटते, घरच्या चार आवाजांना नाव लावून बसवायला एक पाट हवा होता.

आता या ऐवजाची काळजी. फीत हळूहळू मरते, आधी खरखरते, मग फिकी होते. डिस्क मात्र कोणतीही पूर्वसूचना न देता एका क्षणी जाते. तेव्हा एक प्रत म्हणजे प्रतच नव्हे. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर हवी, आणि तिसरी वेगळ्या छपराखाली, कारण चोर, आग आणि पूर या तिघांनाही एकाच घरातल्या दोन डिस्कांत फरक वाटत नाही. कृष्णा-कोयनेच्या काठी राहणाऱ्यांना हे निराळे सांगायला नको. आमची नणंद पुण्याला असते. यंदा भाऊबीजेला ओवाळणी म्हणून तिला एक छोटी डिस्क द्यायची असे ह्यांनी ठरवले आहे. तिच्यात तिचे स्वतःचे बारसे आहे, हे तिला अजून ठाऊक नाही. हा अंक तिच्या हाती आधी पडला तर मात्र आमचे गुपित फुटले म्हणायचे!

वाचकहो, तुमच्याही माळ्यावर एखादी पेटी असेल. तुमच्याही जिन्याखाली कापडाने झाकलेला एखादा निवृत्त असेल. त्याला कामाला लावायचे मनात आले तर एवढेच सांगेन, की सुरुवात पेटीपासून करा. संगणक केव्हाही मिळेल, नसेल तर शेजाऱ्याचा मिळेल. नाव सांगणारे माणूस तेवढे आधी गाठा, आणि त्याच्यापाशी वही घेऊन बसा.

आमच्या अकरा कॅसेटी अजून उतरवायच्या आहेत. त्यांतल्या तीन कोऱ्या आहेत. दिवाळीच्या फराळाची गडबड आहे, चकल्यांची भाजणी दळून आणायची आहे. पण या रविवारी दरबार चुकवायचा नाही असे आईंनी बजावले आहे. त्यांनी हेडफोन उशाशीच ठेवला आहे.